डिचोलीचे लोह, अगरवाड्याचे मीठ

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात शिरगाव-मुळगावकडची माती लोहाच्या ऑक्साइडने तांबडी झालेली आहे. शेजारच्या पेडणे तालुक्यात, शापोरा नदीकाठी, अगरवाड्याच्या मिठागरांत सोडियम पांढऱ्या खड्यांच्या रूपाने हाती येते. दोन्ही मूलद्रव्ये खडकातलीच. मग एक डोंगरात राहिले आणि दुसरे समुद्राला मिळाले, ते का? याचे उत्तर अणूचे आकारमान आणि आयनीभवन ऊर्जा यांत आहे.

सोडियम तिसऱ्या आवर्ताच्या डाव्या टोकाला. अणुत्रिज्या १८६ पिकोमीटर. उजवीकडे सरकावे तसे केंद्रकातले प्रोटॉन वाढतात, कवचे मात्र तेवढीच राहतात. ओढ वाढून अणू आक्रसतो. क्लोरीनपाशी त्रिज्या ९९ उरते. इलेक्ट्रॉन काढण्याची ऊर्जा उलट चढते: सोडियमला मोलमागे ४९६ किलोज्यूल, क्लोरीनला १२५१. मधे मात्र एक पायरी खाली उतरते. मॅग्नेशियमला ७३८ लागतात, पुढच्या ॲल्युमिनियमला ५७८च, कारण त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन वरच्या उपकवचात असतो. नियमापेक्षा हा अपवाद मला मोलाचा वाटतो; उपकवचे खरोखर आहेत हे तो आकड्यांत दाखवतो.

सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन ४५६२ किलोज्यूल मागतो, म्हणून ते एका धन प्रभारावर थांबते. असा १०२ पिकोमीटरचा, हलक्या प्रभाराचा आयन पावसाच्या पाण्यात सहज विरघळून नदीवाटे जातो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ११ ग्रॅम सोडियम असते.

लोहाचे पहिले तीन इलेक्ट्रॉन ७६२, १५६२ आणि २९५७ किलोज्यूलला सुटतात, आणि ऑक्सिजनशी बंध जुळताना ही किंमत वसूल होते. तीन प्रभारांचा हा आयन जेमतेम ६५ पिकोमीटरचा. तो पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन इतका घट्ट ओढतो की हायड्रोजन सुटून जातो आणि हायड्रॉक्साइडचा साका बसतो. ॲल्युमिनियमचेही तसेच. म्हणून कोकणच्या पावसात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम धुऊन गेले आणि या दोघांचा जांभा उरला. डिचोलीच्या पट्टेदार हेमटाइट-क्वार्ट्झाइट खडकांतली सिलिकाही अशीच निघून गेली, लोह साठत राहिले.

अगरवाड्याला मानशीच्या दारातून घेतलेले भरतीचे पाणी उन्हात आटते, तेव्हा आधी चुना आणि जिप्सम बसतात, मग मीठ. मॅग्नेशियमचा आयन ७२ पिकोमीटरचा, प्रभार दोन. पाण्याचे रेणू तो सोडत नाही, म्हणून शेवटच्या कडवट पाण्यात राहतो. त्याचा थोडा अंश खड्यांना चिकटून येतो आणि जाड्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते ते त्यामुळेच.