सालीतली चांदी!

पाचोडची मोसंबी, कोपऱ्यावरचं ज्यूस सेंटर आणि नॅनो टेक्नॉलॉजी... कनेक्शन काय?

संध्याकाळचे साडेसहा. ऑफिस सुटलंय, डोकं भणभणतंय. 'भाऊ, एक मोसंबी... बर्फ कमी,' ही ऑर्डर तुम्ही शंभरदा तरी दिली असेल. ग्लास हातात येईपर्यंत काउंटरखालची बादली सालींनी भरते. तिच्याकडे कोण बघतं? पण मोसंबीसारख्या फळाचा रस काढला, की जवळपास निम्मं वजन साल आणि चोथा म्हणून मागे उरतं. म्हणजे पैसे दिले पूर्ण फळाचे आणि प्यालो अर्धंच!

ही मोसंबी कदाचित पाचोडहून आलेली असते. छत्रपती संभाजीनगरहून बीडच्या हायवेला लागलं, की पन्नासेक किलोमीटरवर पैठण तालुक्यातलं हे गाव लागतं. सीझनमध्ये इथल्या मोसंबी बाजारात फळांचे ढीगच्या ढीग लागतात, टनाच्या हिशेबाने लिलाव होतो आणि ट्रक भरून माल पार उत्तरेपर्यंत जातो. 2012-13च्या दुष्काळात या पट्ट्यातल्या किती तरी बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी जिवावर दगड ठेवून कुऱ्हाड चालवली. नंतर पुन्हा लागवड झाली. पाऊस जास्त झाला तर फळगळ, कमी झाला तर बागच धोक्यात. अशा ठिकाणी कुणी 'सालीपासून चांदीचे नॅनो कण बनतात' असं सांगितलं, तर कान टवकारणारच ना?

बातमी खरी आहे. फक्त चांदी सालीत नसते, बरं का! ती बाहेरून घालावी लागते, सिल्व्हर नायट्रेटच्या रूपात. साली धुवायच्या, बारीक करायच्या, पाण्यात उकळायच्या आणि गाळायच्या. चहाचीच रेसिपी. हा काढा सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणात ओतला, की पाण्यासारखं नितळ द्रावण आधी पिवळसर होतं, मग कडक चहासारखं तपकिरी. सालीतली फ्लेव्होनॉइड्स, क जीवनसत्त्व आणि इतर द्रव्यं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात. त्यांचे अणू होतात, अणूंचे कण बनतात आणि सालीतलीच काही द्रव्यं त्या कणांभोवती पांघरूण घालतात, म्हणून ते एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत. चांदी आणि तपकिरी? हो, इतक्या बारीक कणांवर प्रकाशाचे खेळच वेगळे. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तुमचा केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो!

हेच काम लॅबमध्ये सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझिनसारख्या रसायनांनीही होतं. हायड्रॅझिन चांगलंच विषारी आहे. त्यामानाने साल म्हणजे देवमाणूस. गंमत म्हणजे 1951मध्ये टर्केविच यांनी सोन्याचे कण बनवायला वापरलेलं सोडियम सायट्रेट हे लिंबातल्या सायट्रिक आम्लाचंच भावंड.

आणि या हटके केमिस्ट्रीचा एक मोठा अड्डा आपल्या पुण्यात होता, हे किती जणांना माहीत आहे? राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी 2004मध्ये कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून सोन्याचांदीचे नॅनो कण काढले. त्याच वर्षी गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे चक्क त्रिकोण बनवले आणि 'नेचर मटेरियल्स'मध्ये ते छापून आलं. 2005मध्ये आवळा झाला. 2010मध्ये पुणे विद्यापीठातल्या स्मिता झिंजर्डे आणि सहकाऱ्यांनी केळ्याच्या सालीपासून चांदीचे कण बनवले. बॅक्टेरिया आणि बुरशी, दोन्हींवर त्यांचा असर दिसला. मग जगभर डाळिंब, संत्रं, आंबा, हाताला लागेल त्या सालीवर पेपर निघू लागले.

पेपर ढीगभर, प्रॉडक्ट मात्र मोजकी. का? एक कारण साध्या गृहिणीलाही कळेल: आज आणलेली मोसंबी आणि पुढच्या महिन्यातली मोसंबी सारखी नसते. आंबिया बहार वेगळा, मृग बहार वेगळा. काढा बदलला, की कणाचा आकार बदलू शकतो आणि नॅनोच्या धंद्यात आकार हेच सर्वस्व आहे.

'ग्रीन' या शब्दालाही जरा चिमटा काढून बघा. चांदीचे कण जंतू मारतात, पण चांगला जंतू आणि वाईट जंतू हा भेद त्यांना कळत नाही. 2008मध्ये ॲरिझोनाच्या संशोधकांनी 'वास न येणारे' नॅनो-सिल्व्हर मोजे पाण्यात धुऊन पाहिले. काही मोज्यांतली चांदी धुण्याच्या पाण्यात उतरली. ते पाणी शेवटी जातं सांडपाण्याच्या प्लँटमध्ये आणि तिथे मैला साफ करण्याचं काम बॅक्टेरियाच तर करतात! कण सालीने बनवला की रसायनाने, याने तिथे फारसा फरक पडत नाही.

आता हिशेब. 10 ग्रॅम साल 100 मिलिलिटर पाण्यात उकळायची आणि त्यातला 10 मिलिलिटर काढा 90 मिलिलिटर द्रावणात टाकायचा, अशी एक नेहमीची रेसिपी धरली, तर 1 ग्रॅम सालीला जेमतेम 10 मिलिग्रॅम चांदी लागते. याच दराने एक टन साल संपवायला 10 किलो चांदी हवी. सराफाला विचारा, आकडा लाखांत जातो. थोडक्यात, नॅनो कणांना मूठभर साल पुरते. कचऱ्याचा डोंगर हलवायला पेक्टिन, सालीचं तेल, कंपोस्ट असेच उद्योग लागतात. नॅनो म्हणजे त्यावरची चेरी.

शिवाय साली पाचोडमध्ये असतातच कुठे? तिथून अख्खं फळ जातं, साल पडते तुमच्या-माझ्या शहरात, ओल्या कचऱ्याच्या गाडीत. ती एका जागी मिळायची, तर रस काढायचा कारखाना बागांजवळ हवा. पैठण तालुक्यात 2018मध्ये मेगा फूड पार्कचं उद्घाटन झालं, ते अशाच प्रक्रिया उद्योगांसाठी.

पाचोडकडचा स्वतःचा कचरा म्हणजे गळलेली कच्ची फळं. ती ज्यूसवाला घेत नाही, व्यापारी घेत नाही. पण हेस्पेरिडिन नावाचं जे फ्लेव्होनॉइड सालीत असतं, त्याचं प्रमाण कोवळ्या, कच्च्या फळांत पिकलेल्यापेक्षा जास्त असतं. औषध कंपन्या ते विकत घेतात, नॅनो कण बनवायलाही ते चालतं आणि गळलेली फळं झाडाखालीच पडलेली असतात.