तान्ह्या बाळाचे श्वास कोण मोजणार?

तान्हे बाळ आजारी पडले तर ते सांगू शकत नाही. पुष्कळदा त्याला ताप किंवा खोकलाही येत नाही. ते अंगावर पिणे कमी करते, हातपाय गार पडतात, श्वास भराभर होऊ लागतो. हे बदल लक्षात येतात ते वरचेवर पाहणाऱ्याच्या. म्हणूनच परिचर्या म्हणजे केवळ औषध-इंजेक्शन देणे नव्हे. नियमित निरीक्षण हा तिचा गाभा आहे.

श्वासाचेच उदाहरण घेऊ. न्यूमोनियात फुप्फुसे ताठर होतात आणि एका श्वासात आत जाणारी हवा कमी पडते. ती तूट भरून काढण्यासाठी बाळ अधिक वेळा श्वास घेते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असतील तर ते धोक्याचे चिन्ह मानतात. मात्र तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्येच क्षणभर थांबतो, पुन्हा वेग घेतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणल्यास उत्तर चुकू शकते. पूर्ण मिनिट मोजावे लागते आणि आकडा जास्त आला तर पुन्हा मोजावे लागते. चांगली परिचर्या वेळ मागते ती अशी.

हा वेळ कोठून येणार? मुळशी तालुक्यातील रिहे खोऱ्यासारखा, वाड्यावस्त्यांत विखुरलेला आणि पावसाळ्यात जोराच्या सरी झेलणारा भाग डोळ्यांपुढे आणू. शासनाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असते. हिशेबासाठी ३,००० लोकवस्ती आणि दर हजारी वर्षाला १५ जन्म धरू. म्हणजे ४५ बाळे झाली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाऊन पाहायचे असते. या झाल्या २७० भेटी. एका भेटीला अर्धा तास आणि जाण्यायेण्याला एक तास धरला, तर एकूण ४०५ तास लागतील. त्यांतील २७० तास वाटेतच जातील! शिवाय लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी आणि नोंदवह्या आहेतच. एकट्या नर्सबाईंनी हे सारे नीट करावे, ही अपेक्षा गणितातच बसत नाही.

यावर एक वाट गडचिरोलीत सापडली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या बाळाचे वजन करीत, ताप पाहत, श्वास मोजत आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचारही करीत. मोठे आकडे मोजण्याची सवय नसलेल्या सुईणींसाठी त्याआधीच वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार केले होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. नवजात मृत्यूंचे प्रमाण १९९३-९५ मध्ये हजारी ६२ होते, ते १९९७-९८ मध्ये २५.५ वर आले. पुढे भारतभर 'आशा' कार्यकर्त्यांकडे अशा गृहभेटींचे काम आले.

मग नर्सची गरज संपली का? मुळीच नाही. गावातली कार्यकर्ती धोका ओळखते, पण तिला शिकवणारी, तिची नोंद तपासणारी आणि पुढचा उपचार करणारी प्रशिक्षित परिचारिका पाठीशी लागते. ती नसेल तर बाळ आजारी आहे हे कळेल, पण पुढे काय, हा प्रश्न उरेल.

ही अडचण आपल्या देशापुरती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि ५८ लाखांची उणीव होती. त्यातही ७८ टक्के परिचारिका ज्या देशांत आहेत, तेथे जगाची जेमतेम निम्मी लोकसंख्या राहते. जिथे हात कमी, तिथेच वाटाही लांब.

वर्गात एक प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांनी शांत बसलेल्या सोबत्याचे श्वास पूर्ण मिनिट मोजावेत, मग पंधरा सेकंद मोजून चाराने गुणावेत आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. त्यानंतर आपल्या गावाची लोकसंख्या व अंतरे घेऊन वरचा हिशेब पुन्हा मांडावा. आपल्या उपकेंद्राला किती हात हवेत, हे त्यातून त्यांचे त्यांनाच उमगेल.