मरळ कधी धरावी, कधी सोडून द्यावी? ग्वाल्हेर-मुरारच्या तलावांवरचं मोसमाचं गणित

मुरार (ग्वाल्हेर) : मोबाईलवर अमेरिकेतल्या ‘बास’ मासेमारीचे व्हिडिओ बघायचे, रबरी बेडूक मागवायचा आणि रविवारी तलाव गाठायचा, हा छंद आता गावोगावी पोहोचलाय. पण बास हा आपल्याकडचा मासा नाही. त्याच्यासारखी दबा धरून झडप घालणारी आपली मासळी म्हणजे मरळ. ग्वाल्हेरकडे तिला सौल म्हणतात.

मुरारकरांना जवळचं पाणी रमौआचं. शहराच्या दुसऱ्या बाजूला सांक नदीवर १९१६ साली बांधलेलं तिघरा धरण आहे. कुठेही गळ टाकण्याआधी परवानगी आणि ठेका कुणाचा आहे, ते विचारून घ्या. तिघराचं पाणी तर ग्वाल्हेर शहर पितं. तुटलेला तंगूस, पिशव्या, उरलेलं आमिष काठावर टाकून येऊ नका.

सप्टेंबर-ऑक्टोबर : पाणी गढूळ असतं, माशाला दिसत कमी, वास मात्र लागतो. ओढा तलावाला मिळतो तिथे गांडूळ लावा.

डिसेंबर-जानेवारी : इथली थंडी कडक. गारठ्यात मासा सुस्तावतो आणि कमी खातो. पहाटे कुडकुडण्यात अर्थ नाही. ऊन चढल्यावर, दुपारी बसा.

फेब्रुवारी-मार्च : पाणी कोमट होऊ लागतं, भूक वाढते. रोहू मधल्या थरात, कटला वरच्या थरात, तर मृगळ (इकडचं नाव नरेन) तळाशी चरतो. गळाची खोली त्याप्रमाणे ठेवा. कणकेच्या गोळ्यात पेंड मिसळली की काम होतं.

एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध : पारा पंचेचाळिशीला टेकतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. मरळ मात्र वर येऊन हवा घेते, म्हणून उथळ, वेलींनी भरलेल्या पाण्यातही तग धरते. पहाटे किंवा सांजवेळी वेलींच्या कडेने बेडूक हळू ओढा.

१६ जून ते १५ ऑगस्ट : गळ घरीच. मध्य प्रदेशात या काळात मासेमारी बंद असते. मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. तेव्हाच त्यांना अडवलं तर पुढच्या वर्षी तलावात उरणार काय? इतर राज्यांत तारखा वेगळ्या असू शकतात. आपल्या जिल्ह्याच्या मत्स्य विभागात विचारा.

आता मुद्द्याचं. बंदी उठल्यावरही पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा वळवळताना दिसला, तर तिथे गळ टाकू नका. खाली मरळ राखण करत असते. बेडूक दिसला की ती धावून येते. भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. म्हणूनच ती तेव्हा सहज सापडते. पण राखणदार गेला की बाकीचे मासे थव्यावर तुटून पडतात. एक मासा मिळतो आणि शेकडो जातात.

चुकून लागलीच, तर ओल्या हातानं गळ काढा आणि त्याच जागी सोडा.