काचेच्या टाकीतली हिरवाई : कमी खर्चात, पायरीपायरीने

हरसूलला घरात फिश टँक ठेवायचा म्हटलं की पहिली अडचण दुकानाची. बरंचसं सामान आणायचं ते नाशिकहून, आणि एसटीने जाऊन यायचं तर दिवस मोडतो. तिथे पाण्यातल्या झाडांसाठी खास माती, खास दिवा, गॅसची नळकांडी यांचे भाव ऐकले की माणूस प्लॅस्टिकची दोन झाडं पिशवीत टाकून परत येतो. आपण तसं करू नका. माती, वाळू आणि बरीचशी झाडं हरसूलच्या आसपासच आहेत. विकत घ्यायची ती टाकी आणि एक बल्ब.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. टाकीतली झाडं शोभेपुरती नसतात, टाकीची सफाई तीच करतात. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. शेतात टाकलेल्या युरियाचा नाकाला झोंबणारा वास येतो, तोच हा वायू. माशांना तो विष, झाडांना मात्र खत. झाडं तो शोषून घेतात, म्हणून पाणी कमी वेळा बदलावं लागतं. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट, अशा आपल्या भागात ही बचत फार मोलाची आहे.

टाकी आणि जागा

सुरुवातीला २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टाकी पुरे. तीत सुमारे ५५ लिटर पाणी मावतं. जुनी मिळाली तर उत्तमच, पण आधी अंगणात भरून एक दिवस ठेवा. सांध्यातून ओल आली तर तिथेच कळेल.

माती, वाळू, काच धरून भरलेल्या टाकीचं वजन ७५ किलोच्या पुढे जातं. डगमगणारं टेबल चालत नाही. टाकीखाली थर्माकोलचा तुकडा अंथरा, म्हणजे खालचा खडबडीतपणा काचेला लागत नाही. खिडकीतलं थेट ऊन टाळा. झाडांना ऊन हवं म्हणून टाकी उन्हात ठेवली की आठवड्याभरात पाणी पोपटी होतं, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

माती

खाली साध्या मातीचा थर आणि वर वाळू, ही पद्धत डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी लोकप्रिय केली. त्यांचं पुस्तक १९९९ साली आलं. महागड्या विकतच्या मातीचं काम परसातली माती करते, हा त्यांच्या सांगण्यातला आपल्या उपयोगाचा भाग.

माती कुठली घ्यायची, इथे मात्र चूक होते. भाताच्या खाचरातली माती हाताशी असते, पण चारसूत्री पद्धतीने लावणी केली असेल तर तिथे चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीच्या गोळ्या खोचलेल्या असतात. त्यातली एखादी गोळी टाकीत गेली तर मासे टिकणार नाहीत. राब भाजलेल्या जागेची मातीही नको, कारण तिच्यातल्या राखेने पाणी खारट-तुरट, म्हणजे अल्कधर्मी होतं. ताजं शेण किंवा लेंडीखत मिसळण्याचा मोह टाळा. बांधावरची किंवा झाडाखालची, खत न पडलेली माती घ्या. थोडी तांबूस असेल तर चांगलंच, तिच्यात लोह असतं.

माती चाळणीने चाळून घ्या. मग बादलीत पाणी घालून ढवळा, वर तरंगणारा पाला, काड्या, मुळं ओतून द्या. असं तीन-चार दिवस रोज एकदा करा. पुढे टाकीत सडणारा कचरा इथेच निघून जातो. आपल्या मापाच्या टाकीला १ इंच थरासाठी सुमारे ५ लिटर माती लागते.

वाळू

मातीवर दीड इंच वाळूचं झाकण हवं, म्हणजे सुमारे ७ लिटर. दाणा नागलीपेक्षा मोठा आणि ज्वारीपेक्षा लहान असावा. फार बारीक वाळू घट्ट बसते, मुळांशी हवा खेळत नाही. फार जाड असेल तर फटींतून माती वर येते.

वाळू तांदळासारखी धुवा. वरचं पाणी नितळ होईपर्यंत, मग ते दहादा धुवावं लागलं तरी चालेल. धुतल्यावर मूठभर वाळूवर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे. तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो, म्हणून ती वाळू सोडा.

झाडं

आपल्याकडे पाण्यातल्या सगळ्याच हिरव्या गोष्टींना शेवाळ म्हणतात. दोन प्रकार वेगळे ओळखा. ज्याला देठ आणि पानं आहेत ती पाणवनस्पती, आणि दगडाला चिकटणारा बुळबुळीत थर किंवा केसांसारखे तंतू म्हणजे खरं शेवाळ. पहिलं आणायचं, दुसरं चुकूनही नाही.

नवख्याने चार झाडांपासून सुरुवात करावी. हायड्रिला, म्हणजे शाळेत नरसाळं उपडं ठेवून ऑक्सिजनच्या प्रयोगात वापरतात ते. हॉर्नवर्ट, कोल्ह्याच्या शेपटीसारखं झुपकेदार. याला मुळंच नसतात, नुसतं पाण्यात सोडलं तरी वाढतं. व्हॅलिसनेरिया, लांब फितीसारख्या पानांचं. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात पाण्यातल्या परागीभवनाचं उदाहरण म्हणून भेटतं. आणि नीरब्राह्मी, ओलसर जागी पसरणारी जाड, लहान पानांची ब्राह्मी. संथ ओहोळात आणि तळ्याच्या काठाला ही झाडं शोधा, नाहीतर एकदाच दुकानातून एकेक जुडी घ्या.

पाचवं झाड घरातच असतं: मनी प्लांट. त्याची फांदी टाकीच्या काठाला अडकवा. मुळं पाण्यात, पानं बाहेर. पानांना हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळत असल्याने ते जोमाने वाढतं आणि पाण्यातलं खत ओढून घेतं. पानं मात्र पाण्यात बुडवू नका, कुजतात.

ओहोळातून मूठभरच घ्या, आणि न ओळखता येणारं, कंद असलेलं काही उपटू नका. वायतुऱ्यासारख्या काही पाणवनस्पती सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवरच आहेत. पाणवेलीही नको. नाशिकला गोदावरीत तिने काय केलंय ते आपण पाहतोच.

आणलेली झाडं थेट टाकीत गेली की त्यांच्याबरोबर गोगलगायी, जळवा आणि चतुराची पिल्लं येतात. चतुराचं पिल्लू पाण्यात राहतं आणि लहान मासे पकडून खातं. म्हणून लिटरभर पाण्यात चहाचा चमचाभर तुरटीची पूड विरघळवून झाडं दोन-तीन तास बुडवा, मग चांगली खळबळून आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा. रोज बादलीचा तळ बघा. काही वळवळताना दिसलं तर पाणी बदला.

आवणी

टाकीत माती, तिच्यावर वाळू पसरा आणि चार बोटं पाणी घाला. झाडं याच वेळी लावायची, भरलेल्या टाकीत हात घातला की सगळं ढवळतं. भाताची आवणी केलेल्याला हे शिकवायला नको. चूड फार खोल गेली तर फुटवे कमी येतात, तसंच इथे. व्हॅलिसनेरियाची मुळं वाळूत आणि पानं जिथून फुटतात तो पांढरा गाभा वाळूच्या वर, असं लावा. गाभा गाडला गेला की झाड आतून सडतं.

हायड्रिला आणि ब्राह्मीच्या वीतभर फांद्या घ्या, खालच्या दोन बोटांची पानं काढा आणि एकेक फांदी वेगळी खोचा. जुडी बांधून लावली तर मधल्या फांद्यांना उजेड मिळत नाही. आणि पहिल्याच दिवशी दाट लावा. ‘दोन झाडं लावू, वाढतील’ असा हिशेब केला की मोकळी जागा शेवाळ घेतं.

पाणी

ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकते. ते पाणी तोंड उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवा, क्लोरीन उडून जातो. निव्वळ पावसाचं पाणी वापरू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतात. विहिरीच्या पाण्यात मिसळलं तर चालेल.

भरताना टाकीत स्टीलची ताटली ठेवा आणि तांब्याने तिच्यावर हळू पाणी सोडा. पाणी ताटलीच्या कडेवरून ओघळतं, वाळूला खळगा पडत नाही. अर्धा तास लागेल. बादली ओतली तर अर्ध्या मिनिटात चिखल, आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात.

उजेड

९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब घ्या. खोक्यावर ६५०० के असा आकडा बघा, तो दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचा. टाकीपासून वीतभर वर टांगा, पाण्याचा शिंतोडा होल्डरला लागणार नाही असा. रोज ८ तास लावला तर महिन्याला दोन युनिटांहून थोडी जास्त वीज जाते. मधेच वीज गेली तर काळजी नको, तेवढे तास नंतर भरून काढायचीही गरज नाही. बल्ब रात्रभर चालू राहिला तर मात्र शेवाळाचं फावतं.

पहिला महिना

पहिल्या पंधरवड्यात काही पानं गळतील, पारदर्शक होतील. पाण्याबाहेर वाढलेली ब्राह्मी हमखास असं करते. जुनी पानं टाकून ती पाण्याखालची नवी पानं काढते. इथेच घाबरून लोक झाडं उपटतात. मेलेली पानं तेवढी काढा आणि शेंड्याकडे लक्ष ठेवा. शेंडा हिरवा असेल तर झाड जिवंत आहे.

पाणी चहासारखं तांबूस झालं तर ते मातीतल्या पाल्याचं. आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदला, काढलेलं पाणी कढीलिंबाला घाला. वाळूतून बुडबुडे येतील, ते साहजिक आहे. सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र खाली हवा नाही. उदबत्तीच्या काडीने वाळूला चार-पाच ठिकाणी हलकेच टोचा.

पाणी पोपटी झालं तर तीन दिवस बल्ब बंद ठेवून टाकीवर चादर टाका. नंतर उजेड ६ तासांवर आणा आणि हॉर्नवर्ट वाढवा. नवी पानं पिवळी पडली तर लोह कमी आहे. तांबड्या मातीच्या बोराएवढ्या गोळ्या वाळवून मुळांशी खोचा.

मासे

महिन्याभराने झाडांना नवी पालवी दिसली की मासे सोडा, सहा-सात गप्पी पुरेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं गप्पी पाळतं, बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांचे हौद असतात. तिथे विचारून बघा.

झाडं आहेत म्हणजे ऑक्सिजनची ददात नाही, असं समजू नका. उजेडात झाडं ऑक्सिजन सोडतात, पण रात्री तीही माशांसारखीच तो वापरतात. म्हणून पहाटे टाकी बघायची सवय लावा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर मासे जास्त झालेत किंवा खाद्य. तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन वरून चार-पाच वेळा सोडा आणि दोन दिवस खाद्य बंद ठेवा. एरवीही दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. उरलेलं खाद्य माशांच्या पोटात जात नाही, शेवाळाच्या जातं.

छाटणी

दोन महिन्यांत हायड्रिला पाण्यावर येऊन आडवी पसरेल. वरून कापा आणि कापलेले शेंडे पुन्हा लावा. एका फांदीच्या चार होतात. तरीही उरेल. ते ओहोळात टाकू नका, कारण त्यात गप्पीचं पिल्लू किंवा दुकानातून आलेलं परकं झाड असू शकतं, आणि ओहोळातून ते परत काढता येत नाही. उरलेल्या फांद्या पाण्यासकट पिशवीत भरा, आणि टाकी घ्यायचा विचार करणाऱ्या शेजाऱ्याला द्या. त्याला नाशिकची फेरी पडणार नाही.