झाडांची निगा : एक दुर्लक्षित व्यवसाय

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो, "आता पुढे काय?" डॉक्टर, इंजिनिअर, बँक, रेल्वे, पोलीस, शिक्षक या सहा-सात नावांपलीकडे आपली यादी सहसा जात नाही. त्या यादीत नसलेल्या एका व्यवसायाची माहिती सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे. हा व्यवसाय म्हणजे शहरातील व बागेतील झाडांची शास्त्रशुद्ध निगा राखणे. परदेशात हे काम करणाऱ्याला 'आर्बोरिस्ट' म्हणतात. आपल्याकडे त्याला अजून नीटसे नावही नाही. कोणी माळी म्हणतो, कोणी फांद्या तोडणारा म्हणतो.

हे काम का वाढत आहे?

महाराष्ट्रात 1975 साली नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा झाला. या कायद्याप्रमाणे महानगरपालिका व नगरपालिका क्षेत्रांत वृक्ष प्राधिकरण असते, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी लागते. 2021 साली या कायद्यात दुरुस्ती होऊन 50 वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. झाड तोडल्यास त्याच्या वयाच्या वर्षांइतकी नवी झाडे लावण्याची अटही आली. साहजिकच झाड ओळखणारा, त्याचे वय सांगू शकणारा आणि ते धोक्याचे आहे की नाही हे तपासणारा माणूस आता लागतो.

एकट्या मुंबईच्या मागील गणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडे नोंदली गेली. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहोर, पिंपळ, वड, नारळ असे नाना प्रकार त्यांत आहेत. यांतील कितीतरी झाडांच्या बुंध्याभोवती थेट सिमेंट व पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. मुळांना पाणी व हवा मिळत नाही, आणि पावसाळ्यात वारा सुटला की झाड उन्मळून पडते. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, तो याच कारणासाठी.

फांदी कापणे हेही शास्त्र आहे

झाडावर चढून कोयता चालवला की काम झाले, असा समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेच्या वन खात्यातील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून अभ्यास केला आणि 1970 च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. माणसाची जखम भरून येते तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेच्या भोवती आतून भिंती उभारते व कुजका भाग कोंडून टाकते. म्हणून कापणाऱ्याने ती भिंत उभारण्याची जागाच छाटून टाकता कामा नये.

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर कडे दिसते. काप या कड्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. खोडाला घासून कापले तर कडे जाते व खोड सडते. लांब खुंट ठेवला तर खुंट वाळून कीड आत शिरते. जड फांदी एकदम वरून कापली तर ती मोडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. म्हणून तीन काप घेतात. पहिला, खोडापासून थोड्या अंतरावर, खालच्या बाजूने व अर्धवट. दुसरा, त्याच्या किंचित पुढे, वरून, म्हणजे फांदी सुरक्षित खाली जाते. तिसरा, उरलेला खुंट कड्याबाहेर कापण्यासाठी. जखमेवर डांबर वा रंग फासल्याने कुजणे थांबत नाही, हेही शायगो यांच्या संशोधनातून दिसून आले.

या शास्त्राचे महत्त्व आपल्याला जवळच्या उदाहरणाने कळेल. बुद्धगयेचा मूळ वृक्षाच्या परंपरेतील जुना पिंपळ 1876 साली वादळात कोसळला आणि 1881 साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच जागी नवे रोप लावले. आज आपण वंदन करतो तो बोधिवृक्ष हाच. त्याच्या जड फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत, आणि डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ वेळोवेळी येऊन त्याची तपासणी करतात. श्रद्धेने झाडाला पाणी घालता येते, पण फांदीचा भार व मुळांचे आरोग्य पाहायला जाणकारच लागतो.

या क्षेत्रात जाण्याचे मार्ग

पहिला मार्ग पदवीचा. राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आपल्या राज्यात आहेत. बारावी विज्ञाननंतर प्रवेश परीक्षा देऊन उद्यानविद्या, कृषी किंवा वनशास्त्र या विषयांची चार वर्षांची पदवी घेता येते. महानगरपालिकांच्या उद्यान खात्यांतील अधिकाऱ्यांच्या जागांसाठी अशाच पदव्या मागितल्या जातात. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कला शाखेतून या पदव्यांकडे वळता येत नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे व त्या शाखेविषयी मला आदर आहे, पण ज्याला झाडांत रस आहे त्याने दहावीनंतरच विज्ञान शाखा घ्यावी.

दुसरा मार्ग दहावीनंतरचा. काही आयटीआयमध्ये हॉर्टिकल्चर हा एक वर्षाचा ट्रेड आहे. कृषी विद्यापीठांच्या काही केंद्रांवर माळी प्रशिक्षणाचे वर्गही चालतात. तिसरा मार्ग वन विभागाचा. बारावीनंतर वनरक्षक आणि पदवीनंतर लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून वनक्षेत्रपाल होता येते. पात्रतेचे तपशील मात्र त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावेत.

चौथा मार्ग कौशल्याचा. नारळ विकास मंडळाने 2011 साली नारळावर यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले. पिढीजात पाडेली कमी झाल्याने कोकण-गोव्यात या कामाला नेहमीच मागणी असते. तसेच इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या 1924 साली स्थापन झालेल्या संस्थेची आर्बोरिस्टची परीक्षा साधारण तीन वर्षांच्या अनुभवानंतर देता येते. संबंधित शिक्षण असल्यास अनुभवाची अट कमी होते. आपल्या देशातही काही जणांनी हे प्रमाणपत्र मिळवले आहे.

वडीलधाऱ्यांची हरकत

हे सारे सांगितल्यावर घरातील वडीलधारी माणसे म्हणतील, "शिकवलं ते पुन्हा कुऱ्हाड हातात घ्यायला का?" ही हरकत हसण्यावारी नेण्याजोगी नाही. गावकीच्या कामांत पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडणे हेही आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला होते. मजुरी नव्हती, नकार देण्याची मुभा नव्हती. 1958 च्या कायद्याने ती वतने गेली, पण आठवण गेली नाही.

परंतु मला असे वाटते की त्या कामातील अपमान कुऱ्हाडीत नव्हता, तर सक्तीत होता. आजही कंत्राटदाराच्या टेम्पोतून येणारी, विना हेल्मेट, विना सुरक्षा पट्टा, साध्या दोरावर चाळीस फूट चढणारी मुले पुष्कळदा आपल्याच वस्त्यांतील असतात. म्हणजे आपण या व्यवसायात आहोतच, फक्त सर्वांत खालच्या व सर्वांत धोक्याच्या पायरीवर आहोत. त्याच झाडाखाली कागद घेऊन उभा असलेला, कोणती फांदी काढायची हे ठरवणारा माणूस मात्र आपला नसतो. हे बदलायचे असेल तर शिक्षणाशिवाय दुसरा उपाय नाही.

कामावर असणाऱ्यांसाठी

बँकेत बसून जे दिसते त्यावरून दोन शब्द लिहितो. या कामाची मिळकत वर्षभर सारखी नसते. एप्रिल ते जून, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत, काम भरपूर असते व नंतर ते रोडावते. म्हणून हंगामातच आवर्ती ठेव सुरू करावी. मजुरी खात्यावर जमा करण्याचा आग्रह धरावा. खात्यावरील नोंद हा आपण काम केल्याचा पुरावा असतो. कामावर अपघात झाल्यास मालकाने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या देशात 1923 पासून कायद्याने मान्य आहे, पण पुरावाच नसेल तर मागणार कशी?

प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरून 18 ते 70 वयाच्या खातेदाराला 2 लाख रुपयांचे अपघाती विमा संरक्षण मिळते. आमच्या काउंटरवर एका छाटणी कामगाराची पत्नी पतीचे पासबुक घेऊन आली होती. तो झाडावरून पडून गेला होता. खाते होते, पण विम्याचा अर्ज कधी भरलाच नव्हता. 20 रुपयांची ती नोंद पासबुकात शोधताना तिच्याकडे पाहवत नव्हते. प्रत्येक सभासदाने आपल्या शेजारच्या कष्टकऱ्याचा हा अर्ज भरून द्यावा, एवढी विनंती आहे.

ज्यांना स्वतःचा व्यवसाय करायचा आहे त्यांच्यासाठी मुद्रा कर्ज आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजनाही आहेत. हार्नेस, हेल्मेट, चांगले दोर व करवती यांचे कोटेशन घेऊन, दोन-तीन प्रशिक्षित साथीदार मिळून अर्ज केला तर गृहनिर्माण संस्थांची कामे घेता येतील. मात्र पालिकेची परवानगी पाहिल्याशिवाय एकाही झाडाला हात लावू नये.

सर्वांनीच या व्यवसायात यावे असे माझे म्हणणे नाही. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने येऊ नये, आणि ज्याला केवळ नोकरी हवी त्यानेही येऊ नये. पण ज्या मुलाचे लक्ष वर्गाच्या खिडकीबाहेरच्या झाडाकडे जाते, त्याला आईवडिलांनी रागे भरण्यापूर्वी एकदा कृषी विद्यापीठाचे माहितीपत्रक आणून द्यावे. तो झाडावर चढेल तर प्रशिक्षण घेऊन, पट्टा बांधून आणि विमा उतरवून चढेल, एवढे पाहणे आपले काम आहे.