पिस्तुलाचा चाप हलका करावा काय?

नेमबाजीच्या क्लबात नवा दाखल झालेला मुलगा असो, की शेतीवाडीच्या राखणीसाठी परवान्याचे रिव्हॉल्व्हर बाळगणारा गृहस्थ असो, दोघांची एक तक्रार ठरलेली असते. चाप फार जड आहे. नेम धरावा एकीकडे आणि गोळी जाते भलतीकडे! मग कोणीतरी शहाणा सुचवतो, ‘अहो, आत जरा कानस मारून घ्या, लोण्यासारखा चालेल.’ असे करता येते काय, आणि येत असेल तर ते करावे काय, एवढाच आजचा विषय.

तक्रार खोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो. साध्या पोलादी पिस्तुलाचे वजन किलोच्या आसपास असते. त्याचा चाप ओढायला मात्र दोन-अडीच किलोचा जोर लागतो. घोडा आधी न चढवता रिव्हॉल्व्हर झाडायचे म्हटले, तर हा जोर पाच किलोपर्यंत जातो. म्हणजे जी वस्तू हातात स्थिर ठेवायची, तिच्या वजनाच्या दुप्पट-चौपट जोर एकट्या बोटाने तिच्यावरच लावायचा! बंदुकीला निदान खांद्याचा आधार असतो, इथे सारा कारभार मनगटावर. नळीचे तोंड हलले नाही तरच नवल.

आता आत काय घडते ते पाहू. घरातला उंदराचा सापळा डोळ्यांपुढे आणा. ताणलेली स्प्रिंग, ती अडवून धरणारी एक बारीकशी काडी, आणि काडी सरकली की खटकन मिटणारा सापळा. पिस्तुलात स्प्रिंगने ताणलेला असतो तो घोडा. त्याच्या खाचेत सिअर नावाची एक लहानशी पट्टी अडकलेली असते. चाप ओढला की सिअर खाचेतून सरकते, घोडा सुटतो, पिनवर आदळतो आणि काडतुसाच्या बुडातली टोपी पेटते. घोडा आणि सिअर यांची ही मिठी पुष्कळ पिस्तुलांत एक मिलिमीटरभरसुद्धा नसते. भरलेले शस्त्र आणि सुटलेली गोळी यांच्यामध्ये उभे असते ते एवढेच पोलाद.

कानस चालते ती नेमकी इथे. दोन्ही पृष्ठांचा कोन कारखान्यात असा राखलेला असतो, की स्प्रिंगचा ताण त्यांना एकमेकांत घट्ट बसवतो. तो कोन केसभर बिघडला, की तोच ताण त्यांना एकमेकांपासून ढकलू लागतो. शिवाय कित्येक शस्त्रांत या भागांचा वरचा थर तेवढा कडक केलेला असतो, आतले पोलाद मऊ. तो थर घासून गेला, तर पहिले दोन दिवस चाप खरोखरच लोण्यासारखा चालतो, आणि खरा धोका याच दोन दिवसांचा, कारण मालक खूष होऊन शस्त्र निर्धास्त वापरू लागतो. पुढे मऊ पोलाद झिजते. मग एखाद्या दिवशी पिस्तूल हातून निसटून जमिनीवर पडते आणि उडते, किंवा एकदा चाप ओढला असता दोन-तीन गोळ्या पाठोपाठ जातात. दुसरी गोळी सुटताना धक्क्याने नळी वर उचललेली असते, हे ध्यानात घ्या.

कोणी म्हणेल, कानस नको, स्प्रिंगच नरम घालू. त्याचेही फळ सांगतो. घोडा हलक्या हाताने आदळतो आणि काडतूस कधी पेटते, कधी पेटत नाही. न पेटलेले काडतूस क्षणभर उशिराने पेटू शकते. म्हणून चाप ओढूनही आवाज झाला नाही, तर नळी निशाणाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबतात. ‘काय झालं बघू’ म्हणून ती कोणी आपल्याकडे वळवत नाही.

एक खरे उदाहरण घेऊ. ब्राउनिंग कंपूतले १९३५ सालचे ‘हाय पॉवर’ पिस्तूल जगभर गाजले. आपल्याकडे इशापूरच्या रायफल कारखान्यात झालेले ९ मिलिमीटरचे सैनिकी पिस्तूल त्याच जातीचे. मॅगझिन बाहेर काढले, की या पिस्तुलाचा चाप निकामी व्हावा, अशी एक योजना मूळ हाय पॉवरमध्ये आहे. मॅगझिन काढले तरी एक गोळी नळीत उरू शकते, आणि ‘रिकामे आहे’ म्हणून माणूस चाप ओढतो, त्यासाठी ही तजवीज. पण तिचा एक लहान खिळा मॅगझिनवर घासतो आणि चाप खरखरीत लागतो. म्हणून परदेशांत कित्येक हौशी मालक ती योजना काढूनच टाकतात. चाप सुधारतो, यात शंका नाही. मात्र पुढे ते पिस्तूल दुसऱ्याच्या हाती जाते, त्याने पुस्तकात वाचलेले असते की मॅगझिन काढले म्हणजे भय नाही! बदल करणाऱ्याला बदल ठाऊक असतो, पिस्तुलावर तो कुठे लिहिलेला नसतो.

उलटही घडलेले आहे, बरे का. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९० नंतरच्या दशकात ग्लॉक पिस्तुले घेतली, तेव्हा त्यांचा चाप मुद्दाम जड, बारा पौंडांचा करवून घेतला. गडबडीत, भीतीत बोट आपोआप आवळते, तेव्हा गोळी सहज सुटू नये, हा हेतू. नेम त्याने बिघडतो, अशी टीका पुढे पुष्कळ झाली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. खिशात किंवा कमरेला बाळगायचे शस्त्र आणि निशाणाचे शस्त्र यांना एकच माप लावता येत नाही, असे माझे मत.

निशाणाच्या पिस्तुलांना चाप कमी-जास्त करायचे स्क्रू कारखान्यातूनच दिलेले असतात. ते फिरवायला हरकत नाही, कारण त्यांची मर्यादा बनवणाऱ्याने आखलेली असते. स्पर्धेत तिथेही नियम आहेच. दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम. नळी उभी धरून चापाला तेवढे वजन टांगतात. पिस्तुलाने ते उचलून धरले पाहिजे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, ते याच पंचवीस मीटरच्या पिस्तुलावर. किलोभराचा चाप नेमाच्या आड येत नाही, एवढे त्यावरून दिसते.

कायद्याचेही दोन शब्द. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्यात शस्त्र बाळगण्याचा परवाना वेगळा, आणि शस्त्राची दुरुस्ती वा फेरबदल करण्याचा वेगळा. तेव्हा घरच्या टेबलावर पिस्तूल उघडून कानस घेणे, किंवा ओळखीच्या लोहाराकडे नेणे, हा दुहेरी जुगार आहे. चाप खरोखरच अडखळत असेल, तर परवानाधारक कारागिराला दाखवावे. पुष्कळदा आत फक्त जुने, चिकट झालेले तेल आणि धूळ निघते.

आणि बोटाला सवय लावायची असेल, तर तिला खर्च नाही. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. शस्त्र रिकामे आहे, हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासावे. भक्कम भिंतीकडे नळी करून, नळीवर एक नाणे ठेवावे आणि सावकाश चाप ओढावा. नाणे पडू न देता दहा वेळा जमले, की मगच चापाला नावे ठेवावीत. मात्र पॉइंट बावीसच्या शस्त्रावर हा सराव नकली काडतूस घातल्याशिवाय करू नये. त्याची पिन रिकाम्या नळीच्या कडेवर आदळून खराब होते.