अंगणातील बाग आणि मुकी जनावरे

वर्धा नदीच्या काठी वसलेल्या पुलगाव परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. अशा वेळी अंगणातील बागेचा ओलावा हाच घरच्या कुत्र्या-मांजरांचा विसावा असतो. झाडांच्या आळ्यांत ती पहुडतात, माती उकरतात, पाने चघळतात. क्वचित हीच बाग त्यांच्या जिवावर बेतते. दोष बागेचा नसतो. कोणते झाड कोठे लावावे, कोणते खत कसे वापरावे याच्या अपुऱ्या माहितीचा असतो.

कुंपणाचे विष

विदर्भाच्या उन्हात तग धरते आणि गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून कण्हेर कुंपणाला लावली जाते. पिवळी कण्हेर अर्थात बिट्टी हीदेखील त्याच गुणांमुळे लोकप्रिय आहे. परंतु गुरे ज्या कडू रसामुळे दूर राहतात, तोच रस हृदयाला घातक असतो. लाळ गळणे, ओकाऱ्या आणि त्यानंतर हृदयाचे ठोके अनियमित होणे ही त्याची लक्षणे होत. पाने वाळल्यावरही विष टिकून राहते. म्हणून छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देणे धोक्याचे असते.

कार्यालयांच्या व शाळांच्या दारी शोभेसाठी लावलेल्या सायकसचे बी कुत्र्याने खाल्ल्यास यकृत निकामी होऊ शकते. मांजरांना सर्वाधिक भय खऱ्या लिलीचे आहे. पुष्पगुच्छातून घरात येणाऱ्या या फुलाचे पान, पराग, एवढेच नव्हे तर फुलदाणीतील पाणीही मांजराच्या मूत्रपिंडांना दोन-तीन दिवसांत निकामी करू शकते. मनी प्लँट व डिफेनबेकिया यांच्या पानांत अळूप्रमाणेच सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते टोचल्याने तोंडाची आग होते व सूज येते. जिवाला धोका मात्र सहसा नसतो.

पेंड: खत की आमिष?

झाडांपेक्षाही ज्याकडे अधिक दुर्लक्ष होते, ते म्हणजे एरंडीची पेंड. हे उत्तम सेंद्रिय खत आहे. मात्र एरंडीच्या बियांतील विष तेलात उतरत नाही, ते पेंडीत राहते. योग्य प्रकारे उष्णता देऊन ते नष्ट केलेले नसल्यास पेंड घातक ठरते. त्यातच हाडांचा चुरा मिसळला की वासाने कुत्रा आळे उकरतो आणि खत खातो. त्याऐवजी शेणखत, गांडूळखत किंवा निंबोळी पेंड वापरणे अधिक सुरक्षित होय. उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष आणि कपाशीवर फवारून उरलेले औषध यांबाबतही तीच दक्षता हवी. ती कुलपात ठेवावीत. रिकामे डबे अंगणात टाकू नयेत.

विषबाधेचा संशय आल्यास

मिठाचे पाणी पाजून वांती करवू नये. त्याने अपाय वाढतो. दूध हा सर्व विषांवरील उतारा नव्हे. तोंडातील पाला काढावा आणि खाल्लेल्या झाडाची फांदी किंवा खताची पिशवी बरोबर घेऊन जनावरास तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. सायकस, एरंडी व लिली यांच्या बाबतीत जनावर प्रथम बरे भासते आणि उपचाराची वेळ निघून जाते.

सुरक्षित बाग शक्य आहे

यासाठी बाग उजाड करण्याची आवश्यकता नाही. गुलाब, मोगरा, तुळस ही परिचित झाडे कुत्र्या-मांजरांना विषारी नाहीत. सायकसऐवजी अरेका पाम लावता येतो. असलेली कण्हेर तोडण्यापेक्षा ती जनावरांच्या वावरापासून दूर ठेवावी आणि तिच्या छाटणीची त्वरित विल्हेवाट लावावी.

शाळेच्या बागेत प्रत्येक झाडाजवळ त्याचे नाव व गुण-दोष सांगणारी पाटी विद्यार्थ्यांनी लावली, तर हे ज्ञान घरोघर पोहोचेल. जी बिट्टी कुत्र्याला घातक, ती लहान मुलालाही घातक असते. म्हणून ग्रामपंचायतींनी अंगणवाडी, शाळा व सार्वजनिक बागा यांसाठी रोपे निवडताना सावली आणि शोभेबरोबर हा विचारही करावा. मुक्या जनावराला पाटी वाचता येत नाही. त्याच्या वतीने ती आपणच वाचावयाची आहे.